नऊशे चौदा

साहेबांनी अकराव्या पानावर बोट ठेवलं, चष्मा नाकावर नीट बसवला आणि परिच्छेद मोठ्याने वाचायला घेतला. वाचताना ते कुठेही अडखळले नाहीत. घरून तयारी करून आले असावेत.

"'कडी क्रमांक नऊशे चौदा असलेली मादी मोठ्या रानात पकडून सोडली होती. तीच तीन महिन्यांनी लहान रानात पुन्हा सापडली. याचा अर्थ, कालव्यावरच्या झाडांची ओळ जिथे दोनशे मीटर तुटलेली आहे, तो उघडा पट्टाही हा पक्षी ओलांडू शकतो.' बाई, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"मीच," वहिनी म्हणाल्या.

"मग माझा प्रश्न साधा आहे. दोनशे मीटर झाडांवाचून जाता येत असेल, तर बाकीची एकशे साठ झाडं त्याला कशाला हवीत?"

सुनावणीला पंधरा-वीस माणसं जमली होती. कोणीतरी खुसखुसलं. मागच्या बाकावर भाऊजी एका कापडी पिशवीची उसवलेली शिवण घालत बसले होते. रिकामे हात त्यांना सोसत नसत. साहेबांचा प्रश्न कानावर पडला आणि सुई थेट अंगठ्यात गेली.

"अकरा वर्षांत तो एकच पक्षी होता, साहेब. एका पक्ष्यावरून तुम्ही..."

"तुम्हीही एकावरूनच लिहिलंय." हे बोलताना साहेब जरासे ओशाळलेच. "मी रस्ते बांधणारा इंजिनिअर. पक्ष्यांतलं मला कळत नाही, म्हणून तुमचंच वाचून आलोय. पंधरा दिवसांनी पुढची तारीख आहे, तेव्हा दुसरं काही असेल तर आणा. नाहीतर रस्ता कालव्याच्या काठानेच जाईल. मधोमध आम्ही शोभेची झाडं लावणारच आहोत."

साहेब माणूस वाईट असता तर फार बरं झालं असतं. घरी जाईपर्यंत त्यांच्या नावाने बोटं तरी मोडता आली असती. तसं काही नव्हतं, त्यामुळे वहिनी आणि भाऊजी कालव्याच्या काठाने गुपचूप चालत आले. झाडांवर लाल रंगाचे आकडे पडायला सुरुवात झाली होती. एकोणिसाव्या झाडापाशी वहिनी थांबल्या आणि म्हणाल्या, "माझ्याच कागदाने माझा गळा धरला हो, भाऊजी."

भाऊजींनी अंगठा तोंडात धरला होता. निदान त्यामुळे बोलावं लागलं नाही.

मोठं रान वर, डोंगराला टेकून होतं. लहान रान खाली, तासाभरात फिरून संपेल एवढं, आणि त्याच्या चारी बाजूंना शेतं आणि गोदामं. दोन्हींना जोडणारं काही असेल तर ही कालव्यावरची झाडं. तीही मध्येच वीटभट्टीने खाल्लेली. वहिनींचा पक्षी होता पानचाळ्या. हे नाव घरचं. शास्त्रातलं नाव इतकं लांबलचक होतं की ते वहिनींशिवाय कोणी घेत नसे. मुठीएवढा तपकिरी जीव. दिवसभर जमिनीवरची पानं उलटीपालटी करून किडे शोधायचे आणि सावली सोडायची नाही, हे त्याचं आयुष्य. रान जिथे संपतं तिथल्या शेवटच्या झुडपापर्यंत तो येतो, मान बाहेर काढून उजेडाकडे बघतो आणि मागे फिरतो. "पंख आहेत की त्याला," असं कोणी म्हणालं की वहिनी म्हणायच्या, "पाय तुम्हालाही आहेत. जा बघू भर रहदारीत रस्त्याच्या मधून चालत." लहान रानातले पानचाळे असे अडकून पडले होते. एक मेला की एक कमी, त्याच्या जागी दुसरा यायची सोय नाही.

भाऊजी हे वहिनींचे धाकटे दीर. दादांचं, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचं, पुस्तकात डोकं चाललं म्हणून ते शाळामास्तर झाले. भाऊजींचं नाही चाललं, म्हणून ते शिवणयंत्रावर बसले. तयार कपड्यांनी दुकान बुडवलं तेव्हा ते पन्नाशीला आले होते, लग्नाचं वय केव्हाच उलटून गेलं होतं, आणि दिवसभर ते घराच्या पायरीवर बसून असायचे. वहिनी तेव्हा कॉलेजात शिकवायच्या. एक दिवस त्यांनी फाटलेली जाळी दिरापुढे टाकली. केसासारख्या बारीक दोऱ्याची, झाडांमध्ये टांगली तर पाखराला दिसू नये अशी. "ही जमेल का शिवायला?" भाऊजींनी ती अशी शिवली की फाटली कुठे होती ते वहिनींना सापडेना. मग ते जाळ्या लावायलाही जाऊ लागले आणि पुढे पाखरं सोडवायलाही. जाळीत गुरफटलेलं पाखरू कुठल्या बाजूने शिरलं ते आधी ओळखायचं, मग पायांपासून सोडवत यायचं. ओढाताण केली की पंख गेलाच. भाऊजींच्या बोटांना हे शिकवावं लागलं नाही. सोडवायचं, पिशवीत घालायचं, पिशवी दोरीला टांगायची. वहिनी वजन करणार, पंख मोजणार, पायात नंबराची कडी घालणार, वहीत लिहिणार. मग भाऊजींनी पाखरू जिथे पकडलं तिथेच सोडायचं आणि वहीत वेळ टाकायची. अकरा वर्षं हे असं चाललं होतं. भाऊजींना कोणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते की खरं आयुष्य हेच. आधीचं नुसतं माप घेण्यात गेलं.

घरी आल्यावर दादांनी चहा टाकला. गुडघे गेल्यापासून त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं आणि ते तिथून हुकूम सोडत.

"काय म्हणाला तुमचा रस्तेवाला?"

वहिनींनी सांगितलं. सांगताना त्यांनी चहाला हात लावला नाही. भाऊजी समोरच्या खुर्चीत होते. त्यांच्या कपातला चहा निवून वर साय धरली, तरी ते कपाच्या दांड्याशी चाळा करत राहिले. आज बोललो नाही तर पुढे कधीच बोलणार नाही, हे त्यांना कळत होतं. पाच वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

"वहिनी," ते म्हणाले, "नऊशे चौदा आपण होऊन गेली नव्हती. मी नेली होती."

वहिनींनी कप बाजूला सारला.

"खाली तो एक नर होता. आठवतो ना, आठशे सातवाला? तीन वर्षं तो एकटाच गात होता. आपण जाळ्या लावायला जायचो तेव्हा तो त्या पडक्या भिंतीजवळ असायचा. घसा फुटेस्तोवर ओरडायचा आणि मग गप्प बसून ऐकायचा. कोणीच नव्हतं हो उत्तर द्यायला. मला बघवेना. वरच्या रानात त्या दिवशी मादी मिळाली. तुम्ही कडी घातलीत, मला सोडायला दिलीत. मी ती पिशवीसकट बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. खालच्या जाळ्या आणायला मी एकटाच सायकलवरून गेलो होतो. तिथे सोडली."

चहाचं गाळणं हातात धरून दादा आधी खो खो हसले. "अरे शाब्बास! स्वतःचं जमलं नाही, पण पाखराचं जमवलंस की रे!"

मग त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला आणि गाळणं खाली ठेवलं.

"तीन महिन्यांनी ती मिळाली तेव्हा का नाही सांगितलंत?" वहिनींचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर भाऊजींना सोपं गेलं असतं.

"सांगणारच होतो. तुम्ही कडी वाचलीत आणि माझा हात धरून लहान पोरीसारख्या उड्या मारल्यात. 'भाऊजी, आली! आपल्या पायांनी आली!' म्हणालात. माझी जीभच उचलेना. आणि तिच्या पोटावरची पिसं गळलेली होती, अंड्यांवर बसली होती ती. म्हटलं, कोणाचं काय वाईट झालंय."

वहिनी उठल्या. आतल्या खोलीत कपाटाचं दार वाजलं आणि त्या पाच वर्षांपूर्वीची वही घेऊन आल्या. पान सापडायला वेळ लागला नाही. लेखासाठी त्यांनी ते शंभरदा उघडलं असेल. नऊशे चौदाच्या ओळीत शेवटी भाऊजींच्या ठसठशीत अक्षरात होतं: जागेवर सोडली, सात चाळीस.

"खरं किती वाजता सोडलीत?"

"सव्वानऊ झाले असतील."

वहिनींचा एक नियम होता. वहीत काही खोडायचं नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि वर खरं काय ते लिहायचं. त्यांनी पट्टी लावून रेघ ओढली. वर लिहिलं: लहान रानात नेऊन सोडली, सव्वानऊ. मग वही भाऊजींकडे सरकवली आणि सहीसाठी रिकाम्या जागी बोट ठेवलं. भाऊजींनी सही केली.

"आणखी असं काही आहे?"

"नाही."

"आठवून सांगा."

हे दोन शब्द भाऊजींना जेवढे लागले तेवढी शिवी लागली नसती. "नाही हो, वहिनी," ते पुन्हा म्हणाले. त्यांना स्वतःच्याच आवाजाची खात्री वाटेना.

पुढचे तीन दिवस वहिनी अकरा वर्षांच्या वह्या मांडून बसल्या. भाऊजींच्या अक्षरातली प्रत्येक वेळ त्यांनी पुढच्या-मागच्या ओळींशी ताडून पाहिली. जेवायला हाक मारली तरी उठेनात. दादा दारात येऊन म्हणाले, "अगं, पुरे कर. तुझा दीर आहे तो, दरोडेखोर नाही." वहिनींनी मान वर न करता म्हटलं, "म्हणूनच बघतेय. दरोडेखोराच्या नोंदी मी कधी न तपासता घेतल्या नसत्या." बाहेरच्या खोलीत भाऊजींना ते ऐकू गेलं. जाळीच्या एका भोकात त्यांनी त्या दुपारी सात वेळा दोरा ओवला आणि सात वेळा काढला.

वह्यांत दुसरं काही निघालं नाही. चौथ्या दिवशी वहिनींनी लेख छापणाऱ्या मासिकाला पत्र लिहिलं: ती नोंद चुकीची आहे, लेख मागे घ्यावा. पंचवीस वर्षांच्या कामात नाव म्हणावं असा तो एकच लेख होता. पत्र पेटीत टाकायला त्या स्वतः गेल्या. परत आल्यावर, "पडलं एकदाचं," एवढंच म्हणाल्या आणि पाठ दुखते म्हणून आडव्या झाल्या.

पुढच्या तारखेला त्यांनी सगळं उभं राहून सांगितलं. ती मादी उडत गेली नव्हती, माणसाच्या हातून गेली होती. हा पक्षी उघड्यावरून जात नाही. म्हणून ओळीतलं प्रत्येक झाड महत्त्वाचं आहे. आणि वीटभट्टी बंद होऊन तीन वर्षं झाली, तिथे आता छातीएवढी झुडपं माजली आहेत, तो खंड आपोआप भरत आलाय, जरा कळ काढा.

"कोणी नेली?" साहेबांनी विचारलं.

"आमच्याकडून गेली," वहिनी म्हणाल्या.

साहेबांची नजर मागच्या बाकावर गेली. तिथे मान खाली घालून एकच माणूस बसला होता. साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांनी वहिनींसाठी पाणी मागवलं, त्या प्यायल्या, आणि मग ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं. मला आदर वाटतो. पण आता तर गोष्ट उलटीच झाली. मागच्या वेळी एक पक्षी होता. आता त्या झाडांतून अकरा वर्षांत एकही पक्षी गेल्याचा पुरावा नाही. मग ती झाडं मी कोणासाठी राखू?"

भाऊजींनी डोळे मिटून घेतले. खोटं बोलून झाडं जात होती, खरं बोलून तीच झाडं त्याच तारखेला जात होती.

"महिनाअखेरीस माझी सही व्हायची आहे," साहेब म्हणाले. "तोवर एक जरी पक्षी वरून खाली आलेला दाखवलात तर मी रस्ता पलीकडच्या अंगाने वळवायचं लिहीन. मला तेवढा अधिकार आहे. फक्त यावेळी पक्षी कोणाच्या हातातून गेला, तेही लिहून आणा."

त्यानंतर दोघं रविवार सोडून रोज सकाळी जाळ्या लावू लागली. एक दिवस वर, एक दिवस खाली. भाऊजींना घरी बसवणं वहिनींना परवडणारं नव्हतं. गुडघ्याएवढ्या काटेरी झुडपात बसून पाखरू सोडवायला स्वतः वहिनींची नजर आता पुरत नव्हती, आणि दिवस थोडे होते. पण रीत बदलली. पाखरं सोडायचं काम वहिनींनी स्वतःकडे घेतलं. वरच्या रानातून निघताना त्या दोरीवरच्या पिशव्या मोजायच्या. मोजताना भाऊजींकडे बघायच्या नाहीत, उगाच काहीतरी बोलत राहायच्या, आज वारा जास्त आहे, काठ्या नीट बांधा. भाऊजी मग आपणच बंडी काढून झटकायचे, खिसे बाहेर ओढून दाखवायचे, जणू पालापाचोळा गेलाय. दोघांनाही त्याची लाज वाटायची. दोघंही रोज तेच करायची.

वरच्या रानात त्यांनी त्या दिवसांत नऊ पानचाळ्यांना कड्या घातल्या. खाली तिघंच होते, तिघंही जुनेच, पुन्हा पुन्हा जाळीत यायचे. भाऊजी त्यांना ओळखायला लागले होते. "आलात का पुन्हा? काम नाही वाटतं दुसरं," म्हणून सोडवायचे. आठशे सात आणि नऊशे चौदा, दोघंही केव्हाच गेली होती. हे तिघं त्यांचीच पिल्लं, भावंडंच सगळी. वहिनी म्हणायच्या, "यांचं पुढे काय होणार?" आणि भाऊजींना वाटायचं, पुन्हा न्यावी का एखादी? असं वाटल्याचीच त्यांना मग भीती वाटायची.

महिना संपायला दोन दिवस उरले. लाल आकडे एकशे साठपर्यंत पोचले होते. त्या सकाळी खालच्या रानात धुकं होतं आणि जाळीवर दव धरलं होतं, त्यामुळे जाळी लांबूनही दिसत होती. अशा जाळीत पाखरू येत नाही. वहिनी पडक्या भिंतीजवळ दुमडती खुर्ची टाकून बसल्या होत्या. भाऊजी शेवटच्या जाळीचा फेरा घ्यायला गेले, ती कालव्याच्या तोंडाशी होती. जाळीच्या खालच्या घडीत काहीतरी लोंबत होतं.

पानचाळ्याच होता. कोवळा नर, छातीवरचे ठिपके अजून पुसट. भाऊजींनी पाय सोडवले, आणि कडी दिसली. जुन्या तिघांच्या कड्या वर्षांनी मळलेल्या होत्या. ही चकचकीत होती.

त्यांनी नंबर वाचला नाही. वाचायची हिंमतच झाली नाही. पिशवीत घालून ते चालत आले. पळत यावंसं वाटत होतं, पण पिशवी हलली असती.

"वहिनी, बघा," म्हणून त्यांनी पिशवी पुढे केली.

वहिनींनी पाखरू मुठीत घेतलं, भिंग डोळ्याला लावलं. "तेराशे सहा." मग वहीची पानं मागे चाळली. बोट एका ओळीवर येऊन थांबलं. मोठं रान, अकरा दिवसांपूर्वी. कडी वहिनींनी घातलेली, सोडला वहिनींनी, अक्षर वहिनींचं.

वहिनींच्या चेहऱ्यावर जे आलं ते भाऊजींनी पाच वर्षांपूर्वी एकदाच पाहिलं होतं. त्यांच्याही तोंडावर हसू आलं. "आला, वहिनी. भट्टीतल्या झुडपांतून आला बघा!"

वहिनींनी मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं. हसू अजून ओठांवर होतं, पण डोळ्यांतून ते गेलं होतं.

"परवाच्या रविवारी तुम्ही सकाळपासून घरी नव्हतात."

भाऊजींच्या हातात रिकामी पिशवी होती. ती त्यांनी घडी घालून घडीवर घडी घातली. "कालव्यावर होतो. भट्टीजवळच्या झुडपांत."

"काय करत होतात?"

"बसलो होतो. एखादा जाताना दिसतो का म्हणून. दुपारपर्यंत बसलो. नाही दिसला."

"जाळी किंवा पिशवी होती जवळ?"

"नव्हती."

"कोणी पाहिलं तुम्हाला?"

"कोण पाहणार, वहिनी?"

वहिनींनी पाखराचं वजन केलं. पंख मोजला. मग कडीचा नंबर नीट दिसेल असा पाय बोटांत धरून भाऊजींना फोटो काढायला सांगितला. भाऊजींनी तीन काढले. वहिनी दोन पावलं पुढे गेल्या, जमिनीलगत मूठ उघडली, आणि तेराशे सहा पानांत शिरला. लगेच पानं उलटण्याचा आवाज सुरू झाला. त्याला भूक लागली असावी.

त्या खुर्चीत येऊन बसल्या आणि वही मांडीवर घेतली. तारीख, जागा, नंबर, वजन, वेळ. साहेबांनी सांगितल्यापासून त्यांनी एक नवा रकाना आखला होता: जाळीतून कोणी काढला. तिथे पेन्सिल थांबली.

भाऊजींच्या नावाने हा पुरावा मरत होता. त्यांचं नाव त्या रकान्यात पडलं की तेराशे सहा आला काय आणि नाही आला काय, सारखंच होतं. साहेबांनी वही हातात घेतली की आधी तेवढंच वाचलं असतं.

"तुमचं घाला," भाऊजी म्हणाले.

"काय?"

"तुमचं नाव घाला तिथे. तुम्ही काढलात. मी आज आलोच नव्हतो. मला ताप होता म्हणा. दादालाही तेच सांगतो. साहेबांना आत्ताच बोलवून घ्या, जाळ्या लावलेल्या आहेत, जागा दाखवा. तुमच्यावर ते विश्वास ठेवतील. मागे तुम्ही स्वतः होऊन खरं सांगितलंत ना."

वहिनींनी दोन्ही ओठ आत घेतले. पंचवीस वर्षांच्या त्यांच्या वह्यांत पाखरांच्या वजनात चूक झाली असेल, वेळ मागेपुढे झाली असेल, पण जाणूनबुजून लिहिलेलं खोटं एकच होतं, आणि तेही दुसऱ्याच्या अक्षरात. भाऊजींनी तोंड फिरवलं. लिहिण्याचा आवाज आला. छोटासा, एका नावापुरता. मग पेन्सिल वहीत ठेवून वही मिटल्याचा.

वहिनींनी फोन काढला. साहेबांनी पहिल्याच घंटीला उचलला. "एक मिळालाय," वहिनी म्हणाल्या. "हो, खालच्या रानात. हो, मीच काढला. या तुम्ही." फोन ठेवून त्या म्हणाल्या, "अर्ध्या तासात येतात."

भाऊजींनी बंडी अंगात घातली. सायकल कालव्याच्या रस्त्याकडे उभी होती, तिच्यावर बसून गेले असते तर वाटेत साहेबांचीच गाठ पडली असती. त्यांनी दोन पावलं टाकली, मग मागे वळले. अकरा वर्षांत वहिनींना विचारायला ते कधी घाबरले नव्हते.

"वहिनी, साहेबांचं राहू दे. तुम्हाला तरी खरं वाटतं ना? मी नाही आणला त्याला."

वहिनी वहीला रबर लावत होत्या. रबर एकदा सुटलं. त्यांनी पुन्हा लावलं.

"मागच्या अंगाने जा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "कोणी बघायच्या आत."

मागच्या अंगाला झाडं नव्हती. कापणी झालेली शेतं होती, आणि त्यांच्या पलीकडे घर. आणखी काही ऐकू येतंय का म्हणून भाऊजी शेवटच्या झुडपापाशी थोडे थांबले. मग बाहेर पडले.